‘किरण’ या शब्दाची मर्यादा : अवकाशातील प्रारणमापनाच्या मराठी मांडणीची समीक्षा

अंतराळवीरांच्या सुरक्षिततेविषयीचे मराठी विज्ञानलेखन बहुधा ‘किरणोत्सर्ग’ हा एक शब्द आणि मिलिसिव्हर्टमधील एक आकडा यांवर विसंबून असते. ही मांडणी सोयीची असली तरी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिला आक्षेप संज्ञेबाबत. किरणोत्सर्ग म्हटले की अस्थिर अणुकेंद्रकांतील उत्सर्जन डोळ्यांसमोर येते. अवकाशातील ‘विश्वकिरण’ मात्र किरण नव्हेतच. ते मुख्यतः प्रोटॉन, हेलियमची केंद्रके आणि अल्प प्रमाणात लोहासारखी जड केंद्रके होत.

दुसरा आक्षेप साधनाबाबत. मुंबईच्या पूर्व उपनगरातील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला टीएलडी बिल्ला रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागांत परिचित आहे. त्यातील डिस्प्रोशिअमयुक्त कॅल्शिअम सल्फेटच्या चकत्या तापविल्या असता साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. क्ष-किरण व गॅमा किरणांसाठी हे तंत्र विश्वसनीय आहे. परंतु जड केंद्रकांना अशा स्फटिकांचा प्रतिसाद घटतो. तेथे सीआर-३९ प्लास्टिकवर उमटणारा कणांचा माग उपयोगी पडतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘अनुराधा’ प्रयोगात १९८५ साली स्पेसलॅब-३ वर हेच प्लास्टिक वापरले गेले. त्याचा हेतू मात्रामापन नसून विश्वकिरणांचे स्वरूप जाणणे हा होता. तथापि कणाची ओळख पटल्याखेरीज मात्रेला अर्थ येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. २०११-१२ मध्ये मंगळाकडे जाणाऱ्या ‘क्युरिऑसिटी’वरील उपकरणाने विश्वकिरणांची दररोज सरासरी १.८४ मिलिसिव्हर्ट मात्रा नोंदविली. प्रत्यक्ष शोषित मात्रा मात्र ०.४८ मिलिग्रे होती, तिला ३.८२ या गुणवत्ता-गुणकाने गुणून पहिला आकडा मिळतो. हा गुणक मोजलेल्या ऊर्जा-निक्षेपावरून काढला जातो खरा. पण कोणत्या निक्षेपाला किती जैविक भार द्यावा, हे जीवशास्त्रीय पुराव्यावरून तज्ज्ञांनी ठरविलेले असते. ‘नासा’ने २०२२ मध्ये संपूर्ण कारकिर्दीसाठी ६०० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली. वरील दराने ती सुमारे ३२६ दिवसांत गाठली जाईल. भार बदलला तर हे दिवसही बदलतील.

म्हणूनच आकडा देताना त्यामागील निर्णय सांगणे हे विज्ञानलेखकाचे व अध्यापकाचे कर्तव्य ठरते. मापन व मूल्यांकन यांतील भेद लपविणारी भाषा सुबोध वाटेल. अंतराळवीराचे संरक्षण मात्र त्या भेदाच्या जाणिवेवरच अवलंबून आहे.