मठ, गुठी आणि मोराची खिडकी

नेपाळमधील भक्तपूर येथे दत्तात्रेयाचे जे प्राचीन मंदिर आहे, त्याच्या समीप ‘पुजारी मठ’ या नावाची एक निवासवास्तू आहे. दत्तोपासना महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची असल्याने मराठी अभ्यासकास या स्थळाविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक होय. परंतु या वास्तूसंबंधीचे बरेचसे लेखन वाचले असता निवासाचा इतिहास बाजूस राहून एका गवाक्षाचाच महिमा हाती लागतो, असे म्हणावे लागते.

मठाची स्थापना पंधराव्या शतकात, यक्ष मल्लाच्या कारकीर्दीत झाली, असे मानतात. पुढे इ. स. १७६३ मध्ये तो नव्याने बांधण्यात आला आणि १७६९ मध्ये भक्तपूर गोरख्यांच्या हाती गेले. गल्लीकडील भिंतीत पिसारा फुलविलेल्या मोराची जी कोरीव खिडकी आहे, तिचे सौंदर्य वादातीत आहे. मात्र त्या खिडकीच्या आत कोण राहत होते व त्यांचा चरितार्थ कशावर चालत होता, हा प्रश्न वर्णनकारांस सहसा पडत नाही.

वस्तुतः तो प्रश्न वास्तूच्या नावातच आहे. ‘मठ’ म्हणजे छात्रादिकांचे निवासस्थान, असा अर्थ अमरकोशात दिला आहे. मंदिराप्रमाणे येथे शिखर नाही. दर्शनी भाग नेवार गृहस्थाच्या मोठ्या घरासारखाच आहे. म्हणजे मठाचे मठपण त्याच्या आकारात नसून तेथील रहिवाशांच्या व्यवस्थेत आहे. नेपाळ खोऱ्यात अशा व्यवस्थेचे नाव ‘गुठी’. पूजाअर्चा, उत्सव व डागडुजी यांसाठी लावून दिलेली जमीन आणि तिचा कारभार पाहणारी मंडळी, या दोहोंचा बोध त्या शब्दाने होतो. देवस्थान इनाम ज्यास ठाऊक आहे, त्यास ही कल्पना परकी वाटणार नाही. ‘गुठी’ हा शब्द संस्कृत ‘गोष्ठी’पासून आला, आपली ‘गोष्ट’ही त्याच मुळाची. एकाच शब्दापासून तेथे संस्था निर्माण झाली, येथे कथा.

१९७० मध्ये युवराज वीरेंद्र यांच्या विवाहानिमित्त पश्चिम जर्मनीने या मठाच्या जीर्णोद्धाराची भेट दिली. नंतर तेथे काष्ठशिल्पांचे संग्रहालय झाले. जीर्णोद्धारामुळे लाकूड व वीट वाचली, हे उपकारच होत. परंतु तत्पूर्वीच, १९६४ मध्ये, गुठी संस्थानाची स्थापना होऊन अनेक गुठ्यांचा कारभार शासकीय यंत्रणेकडे गेला होता. वास्तूचे जतन आणि वास्तव्याचे जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विसरून चालणार नाही. खिडकीचे छायाचित्र कोणासही घेता येईल. पुजाऱ्यांच्या निवासाचा इतिहास ज्यास लिहावयाचा आहे, त्याने प्रथम गुठीची दानपत्रे व जमिनीचे हिशेब वाचावेत. त्यांवाचून लिहिलेला इतिहास रिकाम्या घराचा इतिहास ठरेल.