प्रकृतीसाठी थोडी? तुलना कोणाशी, ते आधी पाहू

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मित्र कर्नाळ्याला गेलो होतो. बरोबर पनवेलचे दोन निवृत्त शिक्षकही होते. अभयारण्याच्या फाटकाशी चहा घेताना त्यांतले एक मला म्हणाले, "साठी उलटल्यावर रोज थोडी घ्यावी, हृदयाला बरी, असं तुम्ही शास्त्रज्ञच सांगता ना?" त्यावर दुसरे सर हसून म्हणाले, "अहो, सरकारसुद्धा तेच सांगतं. परवाना प्रकृतीसाठीच तर मिळतो!"

यात थट्टा असली तरी ते खोटे नव्हते. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. आरोग्य राखण्यासाठी मद्य घेण्याच्या परवान्याची तरतूद त्यात आहे. १९६० साली राज्याचे विभाजन झाल्यावर हा कायदा महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांकडे आला. गुजरातेत तर आरोग्य परवान्यावर दरमहा किती मद्य मिळावे, हे वयावर ठरवले गेले : चाळीस ते पन्नास वयाला ३ युनिट, पन्नास ते पासष्टला ४ आणि त्यापुढे ५. म्हणजे वय जितके अधिक, तितकी या 'औषधा'ची गरज अधिक!

शरीरशास्त्र नेमके उलटे सांगते. मद्यातील इथेनॉल शरीरातील पाण्यात पसरते. उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे तेवढ्याच मद्याने रक्तातील इथेनॉलची पातळी अधिक चढते. शिवाय या वयात रक्तदाबाची, मधुमेहाची, झोपेची औषधे चालू असतात आणि तोल जाऊन पडण्याचा धोकाही वाढलेला असतो. तरीही 'थोडी चांगली' हा समज आला कोठून?

तो निव्वळ गप्पांतून आलेला नाही. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी १९२६ साली बाल्टिमोरच्या कामगार कुटुंबांच्या माहितीवरून दाखवले, की बेताने पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा कमी जगत नाहीत. पुढे अनेक देशांत असे अभ्यास झाले. आडव्या अक्षावर मद्याचे प्रमाण आणि उभ्या अक्षावर मृत्यूचा धोका मांडला, की आलेख इंग्रजी 'जे' अक्षरासारखा दिसे : न पिणाऱ्यांना थोडा अधिक धोका, बेताने पिणाऱ्यांना सर्वांत कमी, आणि पुढे चढत जाणारा. १९९२ साली सर्ज रनो आणि मिशेल द लॉर्जेरिल यांनी 'लॅन्सेट'मध्ये फ्रान्समधील कमी हृदयविकाराचा संबंध वाइनशी जोडला आणि हा समज जगभर पसरला.

आकडे खोटे नव्हते. प्रश्न वेगळाच होता : बेताने पिणाऱ्यांची तुलना कोणाशी केली?

गडावरचे आणि फाटकावरचे

हा मुद्दा मी दोन्ही सरांना कर्नाळ्याच्याच उदाहरणाने सांगितला. समजा, साठीपुढील शंभर माणसे फाटकाशी जमली. काही गड चढून सुळक्याच्या पायथ्याशी गेली आणि तिथल्या टाक्यातले पाणी प्यायली. काही खालीच बसली, कारण कोणाचे गुडघे दुखतात, तर कोणाला दम लागतो. काही अर्ध्या वाटेवरून परतली आणि खालच्यांत येऊन बसली. पाच वर्षांनी पाहिले, तर गडावर गेलेल्यांत मृत्यू कमी आढळतील. यावरून 'टाक्यातले पाणी आयुष्य वाढवते' असा निष्कर्ष कोणी काढला, तर आपण हसू. जे धडधाकट होते तेच तर वर गेले!

मद्याच्या अभ्यासांत नेमके हेच घडत होते. न पिणाऱ्यांच्या गटात जन्मभर न पिणारे तर होतेच. पण आजारपणामुळे किंवा व्यसनामुळे दारू सोडलेलेही होते. हे अर्ध्या वाटेवरून परतलेले लोक. १९८८ साली ए. जी. शेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश पुरुषांच्या मोठ्या अभ्यासाच्या आधारे हा दोष दाखवून दिला. माणसे आजारी पडली की पिणे कमी करतात किंवा सोडतात. मग 'न पिणारा' गट आपोआपच आजारी दिसू लागतो. शिवाय अनेक पाश्चात्त्य देशांत बेताने पिणारा माणूस सरासरीने अधिक शिकलेला व सुस्थितीतील असतो. त्याच्या दीर्घायुष्याचे श्रेय पेल्याला मिळते.

२०२३ साली १०७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांतील सहभागींची संख्या ४८ लाखांवर होती. अशा चुकांचा हिशेब धरल्यावर बेताने पिण्याचा आयुष्याला होणारा फायदा अर्थपूर्ण उरला नाही.

याहून चतुर पडताळा जनुकांचा. पूर्व आशियातील अनेकांत अशी जनुकरूपे असतात, की मद्य घेताच चेहरा लाल होतो आणि मळमळते. त्यामुळे ही माणसे कमी पितात. जनुके जन्मतःच ठरतात. आजारपणामुळे किंवा श्रीमंतीमुळे ती बदलत नाहीत. म्हणजे निसर्गानेच चिठ्ठ्या टाकून गट पाडले! चीनमधील पाच लाखांवर लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली आले. लोकांनी स्वतः सांगितलेल्या प्रमाणावरून आलेख काढला, तर ओळखीचा 'जे' दिसला. जनुकांवरून काढला, तेव्हा पक्षाघाताचा धोका पहिल्यापासून चढतच गेला. हृदयविकाराच्या झटक्यापासून संरक्षणही स्पष्ट दिसले नाही. तिथल्या स्त्रिया क्वचितच पितात. त्यांच्यात त्याच जनुकांमुळे पक्षाघाताच्या धोक्यात फरक पडला नाही. म्हणजे धोका जनुकाचा नव्हता, मद्याचा होता.

आपल्याकडचा पुरावा

फ्रान्सचे आकडे आपल्याला लागू पडतातच असे नाही. मुंबईत १९९०च्या दशकात पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ३५ हजार पुरुषांची नोंद करून पुढे त्यांचा मागोवा घेतला गेला. पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कधीच न पिणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. हृदयविकाराच्या ५२ देशांतील अभ्यासातून दक्षिण आशियाची माहिती २००७ साली वेगळी मांडली गेली. तिच्यातही मद्यामुळे संरक्षण दिसले नाही.

कर्नाळा ज्या पनवेल तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी गालाच्या आतील अस्तराच्या कर्करोगाचे १,८०३ रुग्ण आणि हा रोग नसलेले १,९०३ पुरुष यांची तुलना २०२५ साली प्रसिद्ध केली. पिणाऱ्यांत धोका सुमारे ६८ टक्के अधिक आढळला. रोज सुमारे ९ ग्रॅम इथेनॉल, म्हणजे व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या लहान पेगाहूनही किंचित कमी, एवढ्यानेही धोका वाढलेला होता. हाही निरीक्षणावर आधारलेलाच अभ्यास, हे खरे. पण इथे कारणाची साखळी माहीत आहे. इथेनॉलपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते आणि ते डीएनएला इजा करते. मद्यपेयांची गणना निश्चित कर्कजनकांत १९८८ सालीच झाली आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक विश्लेषणात, उतारवयात जिथे हृदयविकार हेच मृत्यूचे मोठे कारण आहे तिथे, थोड्या मद्याने किंचित फायदा संभवतो असा अंदाज होता. मात्र त्याचा पाया बहुतांशी निरीक्षणांचाच होता. खरा निवाडा चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या प्रयोगाने होतो. अमेरिकेत पन्नाशीवरील ७,८०० जणांवर असा प्रयोग योजला होता. पण त्याचा बराचसा पैसा मद्य कंपन्यांकडून मागून घेतला होता आणि आराखडाही फायदाच दिसावा असा झुकलेला होता, असे आढळल्याने तो २०१८ साली बंद करण्यात आला.

म्हणून माझे उत्तर असे : जो पीत नाही त्याने प्रकृतीसाठी प्यायला लागावे, असे सांगण्याइतका पुरावा नाही. जो पितो त्याने जितके कमी करावे तितके बरे, आणि डॉक्टरांना खरे प्रमाण सांगावे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद करू नये. ते जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

शिक्षकांनी हा गडाचा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. 'अमुक खाणारे जास्त जगतात' अशी बातमी आली, की मुलांनी आधी विचारावे : तुलना कोणाशी केली, आणि त्या गटात कोण कसा आला?

पहिल्या सरांना हे पटले. दुसरे म्हणाले, "मग परवान्यावरचं कारण बदलायला हवं." मलाही तसेच वाटते. ज्याला प्यायचे आहे त्याला कायद्याने परवानगी द्यायची की नाही, हा समाजाने ठरवायचा प्रश्न आहे. पण ती परवानगी प्रकृतीच्या नावावर देऊ नये.