‘शंभर टक्के पिल्लं बाहेर आली’ : अशी बातमी कशी वाचायची?

पावसाळ्याच्या तोंडावर विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. धुऱ्यावर किंवा खोदकामात नागाची, धामणीची अंडी सापडली, सर्पमित्राने ती घरी डब्यात उबवली, पिल्लं जंगलात सोडली. हेतू चांगलाच. जेसीबीखाली चिरडण्यापेक्षा हे बरंच. पण तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर हीच बातमी ‘प्रयोग’ म्हणून वाचा.

पहिली अडचण छेदाची. समजा 20 अंडी मिळाली, पिचकलेली 6 आधीच टाकली, उरलेल्या 14 पैकी 13 फुटली. बातमीत येतं 93 टक्के. सगळी अंडी धरली तर 65. छेद लिहिला नसेल तर दोन्ही आकडे निरुपयोगी. शिवाय जिथे एकही अंडं फुटलं नाही, त्याची बातमी होतच नाही.

दुसरी दिवसांची. ‘60 दिवसांत पिल्लं’, पण कधीपासून? अंडी घातलेली कुणी पाहिली नव्हती. मोजणी सापडल्यापासूनची आहे. म्हणजे खरा काळ 60 किंवा त्याहून जास्त, एवढंच म्हणता येतं.

तिसरी तापमानाची. ‘नैसर्गिक वातावरण दिलं’ म्हणजे काय? वर्ध्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांपर्यंत जातो. बिळात खोलवर तेवढी उष्णता नसते. डब्यातलं तापमान आणि ओलावा नोंदवला नसेल, तर हा प्रयोग दुसऱ्या कुणाला करून बघता येणार नाही. आणि जातीची ओळखही तपासा. घोणस थेट पिल्लं देते, त्यामुळे ‘घोणसची अंडी’ दिसली की तिथेच थांबा.

आता वेळास बघा. मंडणगड तालुक्यातल्या या गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवायला सुरुवात केली. अंडी घरी जात नाहीत. त्याच किनाऱ्यावर कुंपणात, मूळ घरट्यासारख्या खड्ड्यात ठेवली जातात. हलवण्याची घाई असते, कारण कासवाच्या अंड्यात गर्भ लवकरच कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो मरू शकतो. इथे तारीख आणि संख्या पहिल्याच दिवशी वहीत येतात. तरीही नुसती पिल्लं मोजून भागत नाही. कासवाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. सापांत लिंग गुणसूत्रांवर ठरतं, म्हणून हा निष्कर्ष उचलून नागाला लावू नका.

सगळ्यात मोठा प्रश्न बातमीत विचारलेलाच नसतो: अंडी जागच्या जागी राहिली असती तर किती फुटली असती? तुलनेशिवाय ‘वाचवली’ हा शब्द सिद्ध होत नाही. नागीण तर अंड्यांजवळ राखण करत थांबते; म्हणजे आपण नेमकं काय हलवलं, हेही बघायला हवं.

आणि कायदा विसरू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं ‘शिकारी’च्या व्याख्येत येतं. त्यामुळे घरगुती उबवणीवर लघुशोधनिबंध लिहायचा बेत असेल, तर आधी वनविभागाची लेखी परवानगी, मग थर्मामीटर. परवानगी नसेल तर अंडी जागेवरच राहू द्या, वनविभागाला कळवा, आणि तारीख, जागा, मातीची खोली लांबूनच टिपून ठेवा. एवढ्या नोंदीतूनही चांगला प्रश्न उभा राहू शकतो.