'सुखकर्ता दुःखहर्ता' : ध्वनिमुद्रिका आणि समूहाचा पाठ

समर्थ रामदासांची 'सुखकर्ता दुःखहर्ता' ही सतराव्या शतकातील आरती मौखिक परंपरेतून आपल्यापर्यंत आली. हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात लता व उषा मंगेशकर यांनी गायिलेल्या ध्वनिमुद्रिकेने तिचे सुरेल रूप घरोघर पोहोचविले. २०१७ मध्ये 'सरकार ३' या चित्रपटासाठी अमिताभ बच्चन यांनीही ती गायिली. तथापि, ध्वनिमुद्रणामुळे समूहाच्या तोंडचे शब्द स्थिरावले नाहीत. 'संकटी'चे 'संकष्टी' होते, कारण भाविकाच्या मनात चतुर्थीचे व्रत असते. नागबंध धारण करणाऱ्या गणेशाचे 'फणिवरबंधना' हे संबोधन 'फळीवर वंदना' होते, कारण मूर्ती डोळ्यांसमोर फळीवरच असते. हे अपपाठ होत, यात शंका नाही. परंतु गाणारा समूह शब्दांना स्वतःच्या अनुभवाशी जोडून घेतो, हेही त्यांतून दिसते.

गोंदिया जिल्ह्यात मराठीबरोबरच हिंदी, पोवारी व गोंडी बोलणारा समाज आहे. येथे मूळ पाठ अर्थासह समजावून देणे हे अध्यापकाचे कर्तव्यच ठरते. मात्र ध्वनिक्षेपकावर ध्वनिमुद्रिका लावून मंडप नुसता ऐकू लागला, तर चुकांबरोबर समूहगानही लोपेल. बिनचूक ऐकणाऱ्या मंडपापेक्षा चुकत गाणारा मंडप परंपरेच्या अधिक निकट आहे, असे म्हणावे लागते.