सहकारी कारखान्यांचे गौरवग्रंथ व त्यांतील प्रमाणविचार

सहकारी साखर कारखान्यांच्या महोत्सवांनिमित्त निघणारे गौरवग्रंथ आम्ही कांहीं वर्षें आस्थेनें वाचीत आलों आहों. त्यांत छायाचित्रें पुष्कळ, प्रमाणें थोडीं. बहुतेकांचें प्रमेय एकच: शेतकऱ्यांनीं मालकी एकत्र केली म्हणून माळरानें फुललीं; जेथें कारखाने बुडाले, तेथील लोकांस सहकार साधला नाहीं. या उत्तरार्धानें मराठवाडा व विदर्भ यांवर जो ठपका येतो, त्याची छाननी होणें अवश्य आहे.

प्रथम कालक्रम. प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामांत सुरू झाला. विठ्ठलराव विखे यांची चिकाटी व धनंजयराव गाडगीळ यांची दृष्टि यांविषयीं आम्हांस आदरच आहे. उसाचा नफा त्यांच्यामुळें गांवांत राहिला. परंतु भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालींच सरकारी खर्चानें पुरें झालें होतें, व बेलापूर कंपनीचा खासगी कारखानाहि प्रवरेच्या कालव्यांवर आधींपासून चालत होता. पाणी आधीं, सहकार मागून. हें पाव शतकाचें भांडवल कोणत्याहि ताळेबंदांत दिसत नाहीं. उलट दांडेकर समितीनें १९८४ सालीं राज्याचा अनुशेष सुमारें ३१८६ कोटि रुपये काढला, त्यांत विदर्भ व मराठवाडा यांचा मिळून वांटा निम्म्याहून अधिक. आणि विषयवारीनें पाहतां सर्वांत मोठी रक्कम सिंचनाचीच.

उताऱ्याचेंहि तसेंच. कोल्हापूरकडील उंच उतारा संचालकांच्या नांवें जमा करण्याची चाल आहे. वस्तुतः तो जमीन, हवा, उसाची जात आणि तोडीपासून गाळपापर्यंतचा वेळ यांवर ठरतो. यांपैकीं शेवटल्या बाबींतच व्यवस्थापनाची खरी परीक्षा. एकाच खोऱ्यांतील एक सहकारी व एक खासगी कारखाना घेऊन ती करावी, असें एकाहि ग्रंथकारास सुचूं नये याचें नवल वाटतें.

कौटिल्यानें संभूयसमुत्थानाचा विचार करितांना संघानें राबणारे मजूर व एकत्र उद्योग करणारे यांस एकाच प्रकरणांत घेतलें आहे. आमच्या कारखान्यांत भागधारक तो ऊसवाला. बीडकडून मुकादमाची उचल घेऊन येणारा ‘कोयता’ (नवराबायकोच्या जोडीस हेंच नांव पडलें आहे) या समूहाबाहेर. गांवीं पाणी नाहीं म्हणून तो येतो, आणि तो येतो म्हणून बागाइती मुलखाची तोड वेळेवर होते. गौरवग्रंथांत हे लोक भेटतात ते बहुधा बैलगाड्यांच्या छायाचित्रांत. तेथें खालीं नांवें नसतात.