गट्टूच्या हातातला ब्रश कुणाचा?

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातली चार पानं गेल्या महिन्यात मला काढून टाकावी लागली. का, ते सांगते. चित्रांवर संशोधन करणार असाल तर उपयोगी पडेल.

माझा विषय घरगुती रंगांच्या जुन्या जाहिराती: दुकानातल्या पत्र्याच्या पाट्या, पुठ्ठ्याचे कटआउट, शेडकार्डं. त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा चेहरा म्हणजे एशियन पेंट्सचा गट्टू. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तो काढला. कपाळावर आलेले केस, हातात ब्रश, ओघळणारा रंग. मी लिहिलं होतं, ‘गट्टू हा रंगकाम करणाऱ्या कामगाराचं प्रतिनिधित्व करतो.’ ब्रश हातात आहे म्हणजे कामगारच की! गाईडनाही पटलं होतं.

मग वरसाव्याला, घोडबंदर रस्ता महामार्गाला मिळतो तिथल्या एका हार्डवेअरच्या दुकानात, गल्ल्यामागे गट्टूची गंजलेली पाटी दिसली. सोबत मामा होते. त्यांनी तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्यात. पाटीकडे बघून म्हणाले, “हा आमच्यातला नाय गं. एवढा रंग सांडला असता तर मुकादमानं हजेरी कापली असती. हे घरमालकाचं पोर. डबा उघडा मिळाला म्हणून खेळतंय.”

झालं! चार पानं तिथंच कोसळली.

चित्र पुन्हा नीट पाहिलं. भिंत खरवडणं, पॉलिश पेपर मारणं, नाकातोंडात जाणारी धूळ, यातलं काहीच पाटीवर नाही. रंगकाम म्हणजे पोराचा खोडकरपणा वाटतो, आणि पाटीचं यश त्यातच आहे. घर रंगवायचं म्हटलं की गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो, तो ती घालवते. लक्ष्मण यांच्याच ‘कॉमन मॅन’शी ताडून बघा: तो सगळं बघतो आणि गप्प राहतो, हा पसारा करून मोकळा होतो. गंमत अशी, की आम्ही दुकानात थांबलो तेवढ्यात डबे न्यायला आले ते पेंटरच. चित्र मालकाच्या मुलाचं, गल्ल्यासमोर उभा पेंटर. इंटरनेटवरच्या कापलेल्या फोटोत हे दिसलं नसतं.

तरी पाटीच्या बाजूनंही बोलायला हवं. २००२ मध्ये कंपनीनं गट्टूला निरोप दिला. त्याच सुमाराच्या ‘हर घर कुछ कहता है’ मोहिमेत बोलण्याचा मान घराला मिळाला. जुन्या पाटीनं काम खोटं दाखवलं, पण भिंतीला रंग कुणीतरी हातानं लावतं एवढं तरी कबूल केलं. म्हणून मामा तिच्याशी भांडू शकले. घोषवाक्याशी कसं भांडणार?

तेव्हा ‘प्रतिनिधित्व’ हा शब्द लिहिण्याआधी, ज्याचं म्हणता त्याला चित्र दाखवा. माझ्या चार पानांची आता दोन झालीत. पहिलं वाक्य मामांचं आहे, त्यांना विचारून घेतलेलं.