मेल्यावर परत उठणाऱ्यांची साथ

संगणकावरचे खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी आपल्या चळवळीतल्या बहुतेकांची समजूत आहे. त्यावर कोणी लिहू लागला की त्याला पांढरपेशांचे वारे लागले असे आपण म्हणतो. मला हे मान्य नाही. लाखो माणसे जिथे रोज एकत्र येतात, जिथे बाजार भरतात, टोळ्या होतात, भांडणे आणि मैत्र्या होतात, तोही एक समाजच असतो. आणि समाज म्हटला की त्यात कोण खेळतो आणि कोण राबतो, हे विचारावे लागते. शिवाय अशाच एका खेळातल्या साथीवरून, रोगराईत माणसे कशी वागतात याचे निष्कर्ष आरोग्यशास्त्राच्या अभ्यासकांनी काढले आहेत. ते आपल्यालाही लावले जाणार आहेत. म्हणून ते तपासले पाहिजेत.

घटना २००५ सालची. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या अमेरिकन कंपनीच्या खेळात १३ सप्टेंबरला ‘झुलगुरुब’ नावाचा नवा प्रदेश खुला झाला. तिथला हक्कार नावाचा देव आपल्यावर चालून येणाऱ्यांचे रक्त नासवीत असे. रक्त नासलेला खेळाडू शेजारी उभ्या असलेल्याला रोग देई. हा रोग त्या प्रदेशापुरताच राहावा अशी योजना होती. पण काही खेळाडूंची पाळीव जनावरे रोगासकट बाजूला ठेवली गेली आणि पुढे शहरात पुन्हा बोलावली गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर रोगही आला. शहरातले दुकानदार आणि पहारेकरी ही संगणकाने चालवलेली माणसे. त्यांना लागण होई, ती मरत मात्र नसत. रोग पसरवीत राहत. मुरलेले खेळाडू तग धरीत, नवखे क्षणात मरत. चौकाचौकांत हाडांचे सापळे पडले. कोणी इतरांवर उपचार करू लागले, कोणी शहर सोडून पळाले, कोणी नुसते बघायला आले, तर कोणी मुद्दाम रोग घेऊन गर्दीत शिरले. कंपनीने विलगीकरण करून पाहिले, पण ते कोणी जुमानले नाही. शेवटी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केले, खेळाचे नियम बदलले आणि मगच ऑक्टोबरात साथ आटोपली.

२००७ साली या प्रकारावर दोन लेख आले. एक रान बालिसर यांचा, ‘एपिडेमिऑलॉजी’ या नियतकालिकात. दुसरा एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांचा, ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये. दोन्ही लेखांचे मोल मी नाकारीत नाही. साथीचे गणित मांडणारा माणसांना गोट्यांसारखे धरतो. ठरल्या वेगाने त्या एकमेकींवर आपटतात. भीती, कुतूहल, खोडसाळपणा हे त्या गणितात बसत नाही. इथे मात्र खऱ्या माणसांनी खरे निर्णय घेतले होते, आणि ते दिसत होते. खेळातला धोका आणि आयुष्यातला धोका एक नव्हे, हेही लॉफग्रेन आणि फेफरमन मान्य करतात. पण खेळाडू आपल्या पात्रात इतका गुंतलेला असतो की त्याचे वागणे खऱ्याच्या जवळ जाते, असा त्यांचा भरवसा आहे. माझा मतभेद इथे सुरू होतो.

त्या खेळात मेलेला माणूस भूत होतो, स्मशानातून धावत आपल्या प्रेताकडे येतो आणि पुन्हा उठतो. चिलखताची थोडी झीज होते, थोडा वेळ जातो, एवढेच. मग उपचार करणाऱ्याच्या धाडसाला काय किंमत लावायची? १८९७ साली प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या परत उठल्या नाहीत. ‘मदत करणारे’ अशा एकाच रकान्यात या दोन्ही गोष्टी लिहिता येत नाहीत.

पण मरण हा मुद्दाही मी बाजूला ठेवायला तयार आहे. त्याहून मोठा मुद्दा पोटाचा आहे. त्या खेळाला भूक नाही. घरभाडे नाही, ठेकेदार नाही, आणि सापळे उचलायला कोणाला जावे लागत नाही. ते आपोआप नाहीसे होतात! नको वाटले तर खेळाडू यंत्र बंद करून झोपायला जाऊ शकतो. अशा ठिकाणी माणसाचे वागणे म्हणजे त्याची निवड, असे म्हणता येते.

२०२० साली हीच गोष्ट जगभरच्या वर्तमानपत्रांनी पुन्हा वर काढली. जबाबदार आणि बेजबाबदार अशी माणसांची सोयीस्कर वाटणी तिच्यातून मिळत होती. आपल्याकडे २४ मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. अंमल चार तासांनी. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळच्या दिशेने ते चालत निघाले होते. तिथून त्यांना मध्य प्रदेशातले आपले गाव गाठायचे होते. खेळाच्या भाषेत तेही ‘शहर सोडून पळणारे’च. माझे मामा त्या काळात रोज पहाटे पाचला हजेरीवर जात. ते सफाई कामगार आहेत. गल्लीतले लोक त्यांना लांबून वळसा घालीत, आणि त्याला कोणी बेजबाबदार म्हणत नव्हते. (‘सामाजिक अंतर’ हा शब्द तेव्हा सगळ्यांना नवा वाटत होता. आमच्या आईला त्यात नवे काही दिसले नाही.) मामांची निवड कोणत्या रकान्यात लिहायची?

खेळात पोट नव्हते असे मी वर म्हटले, ते खेळाडूंपुरतेच खरे आहे. त्याच खेळात त्याच वर्षांत मजूरही होते. चीनमधल्या लहानलहान कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्यांत तरुण पोरे तेच ते राक्षस मारून खेळातले सोने गोळा करीत. मालक ते सोने दलालामार्फत पाश्चात्त्य खेळाडूंना डॉलरमध्ये विकीत. सोने घेणारे खेळाडूच होते. आणि या पोरांना शिव्या घालणारे, त्यांच्या मोडक्या इंग्रजीची टर उडवणारे, संशय येताच त्यांच्या पात्रांना गाठून ठार मारणारेही खेळाडूच होते. ‘चिनी शेतकरी’ ही तिथली शिवी झाली. कोणी इंग्रजी नीट बोलला नाही की तो तसला, असे ठरे. माल हवा, माल आणणारा नको, हा न्याय आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

मी वाचलेल्या या दोन्ही लेखांत तो पाळीवाला मला कुठे भेटला नाही. नाक्यावर रोग आहे आणि मालक मागे उभा आहे, अशा वेळी तो काय करील? तो पळणारा धरायचा, मदत करणारा, की मुद्दाम पसरवणारा? आमच्या घरात पदवीचा कागद माझ्या रूपाने पहिल्यांदा आला. तेव्हापासून मी पाहतो आहे की विद्वानांना गर्दी दिसते, तीतली हजेरी दिसत नाही. त्यांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. पाहायला जाण्याची वेळच त्यांची चुकते. पहाटे पाचला ते तिथे नसतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला आता या साथीवर प्रकल्प करायचा आहे. तो स्वतः मोबाईलवर खेळतो आणि चांगला खेळतो. खेळाडूंना द्यायची प्रश्नावली त्याने माझ्याकडे आणली: भीती वाटली का, मदत केली का, पळालात का. मी पहिल्या प्रश्नाच्या वर एक ओळ लिहायला सांगितली आहे: खेळ बंद केला असता तर त्या दिवशी तुमची मजुरी बुडाली असती का?